मंदीने बांधलेली मुंबई

मरीन ड्राइव्हच्या इमारती एका ओळीत, एका उंचीच्या का आहेत, असं विचारलं की बहुतेक जण नियोजनाचं कौतुक करतात. कौतुक रास्तच आहे. पण त्या गोलाकार गॅलऱ्यांच्या आणि त्याखालच्या जमिनीच्याही मागे एक फसलेली सरकारी योजना आहे, एक जागतिक मंदी आहे. मुंबईच्या इमारतींची गोष्ट आपण शैलीच्या नावांनी सांगतो: आधी गॉथिक, मग आर्ट डेको, मग काचेचे टॉवर. हीच गोष्ट पैशाच्या पडझडीच्या क्रमाने वाचली तर जास्त उलगडते, असं माझं ठाम मत आहे. पडझड झाली की बँका आपले हिशेब काही वर्षांत मिटवतात. इमारती मात्र त्या दिवसांचे आकार घेऊन उभ्या राहतात आणि पुढच्या तीन-चार पिढ्या त्यातच संसार करतात.

सुरुवात 1865 ची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशाने बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरचे वायदे सुरू झाले. युद्ध संपलं आणि 1 जुलै 1865 या वायदे पुरे करायच्या दिवशी बाजार कोसळला. बॅक बे, म्हणजे आज मरीन ड्राइव्हसमोर दिसणारा उपसागर, बुजवायला निघालेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी बुडाली, पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही गेली. तेजीचा राजा मानला गेलेला प्रेमचंद रायचंद कर्जात बुडाला. पण तेजीच्या दिवसांत त्याने विद्यापीठाला देऊन ठेवलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. तो पुरा झाला 1878 मध्ये, हायकोर्टही त्याच वर्षी. ओव्हल मैदानाच्या पूर्वेची ही सगळी दगडी रांग ठरली तेजीत आणि बांधली गेली पडझडीनंतर. पैसा आधीच बांधकामासाठी बाजूला काढलेला असेल तर बाजार बुडाला तरी इमारत पुरी होते, हा तेव्हाचा धडा. तो पुढे वारंवार विसरला गेला.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅक बे बुजवायची योजना पुन्हा हाती घेतली. 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपल्या तोंडी रुळलेलं बीडीडी, स्थापन झालं. कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत 1145 एकर जमीन समुद्रातून काढायची, ती विकून खर्च वसूल करायचा, शिवाय गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या, असा बेत होता. समुद्रात आधी भिंत घालायची, मग ड्रेजरने तळाचा गाळ उपसून भिंतीच्या आत टाकायचा, असं तंत्र. दोन गोष्टी चुकल्या. ड्रेजर अंदाजापेक्षा फार कमी गाळ उपसू लागला. आणि दगडांच्या भिंतीला इतक्या फटी होत्या की टाकलेला गाळ भरती-ओहोटीबरोबर परत समुद्रात जाऊ लागला. खर्च वाढत गेला, तोवर जमिनीचे भाव उतरले होते. खुर्शेद नरिमन यांनी हा घोटाळा चव्हाट्यावर आणला, चौकशी समिती बसली. आठ ब्लॉकपैकी चारच पुरे झाले, सुमारे 440 एकर, आणि त्यातलाही एक लष्कराला द्यावा लागला. राहिलेला समुद्र समुद्रच राहिला. मरीन ड्राइव्हची कमान आज जिथे वळते तिथे ती वळते याला सौंदर्यदृष्टीइतकाच संपलेला पैसाही कारणीभूत आहे.

त्याच खात्याच्या चाळींचंही तेच झालं. 50,000 खोल्यांच्या जागी सुमारे 16,000 झाल्या: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती. तळमजला अधिक तीन, मधून कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट, तेव्हा नवं होतं. जलद होईल आणि स्वस्त पडेल म्हणून तेच वापरलं. खोल्या तापायच्या, भाडं कामगाराला जड जायचं, म्हणून सुरुवातीची वर्षं अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे त्याच भरल्या आणि मुंबईच्या चळवळींचं, गणेशोत्सवांचं, खो-खो कबड्डीचं घर झाल्या. शंभरेक वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एका मंदीने आखडलेली खोली चार पिढ्यांना पुरवावी लागली.

आणि तेच आरसीसी मरीन ड्राइव्हवर आलं तेव्हा काय झालं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. 1929 नंतर शेतमालाचे भाव कोसळले. 1931 मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलनाची सोन्याशी बांधलेली किंमत, सोडलं, सोन्याचा भाव चढला आणि कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांनी घरातलं सोनं विकायला काढलं. ते मुंबईच्या बंदरातून बाहेर गेलं. गावाकडे सावकारीत पैसा घालण्यात राम उरला नाही, तो शहराकडे वळला. विमा कंपन्यांकडे लोकांचे हप्ते जमत होते आणि त्यांना दीर्घकाळ टिकणारी मालमत्ता हवी होती. फोर्टमधली न्यू इंडिया अॅश्युरन्सची 1936 ची इमारत आणि फिरोजशहा मेहता रोडवरची लक्ष्मी इन्शुरन्सची 1938 ची इमारत ही त्याचीच अपत्यं. मजुरी आणि साहित्य स्वस्त होतं. त्याच 1936 मध्ये सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. अशा वेळी सरकारच्या हातात न खपलेले भराव जमिनीचे प्लॉट होते. ते भाडेपट्ट्याने दिले गेले, उंची आणि रेषा बांधून. शहराने मंदीत केलेला हा सौदा मला आजही उत्तम वाटतो: जमीन सरकारची, इमारत खासगी, शिस्त सगळ्यांना सारखी.

त्या इमारती जवळून पाहा. दगडी बांधकामात कोपरा हा भार पेलणारा भाग असतो, तिथे खिडकी ठेवता येत नाही. आरसीसीच्या सांगाड्यात भार खांबांवर गेला आणि कोपरा मोकळा झाला. म्हणून ओव्हलच्या पश्चिमेला कोपऱ्यात वळणाऱ्या खिडक्या दिसतात. खिडकीवर आडवा धावणारा छज्जा तीन-चार इंच जाडीचा. तो पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवू देतो, एप्रिलच्या उन्हाला भिंतीवर येऊ देत नाही. त्याच्या पुढच्या कडेला खालून बोटभर खाच असते, पाणी तिथे तुटून थेंब खाली पडावा, भिंतीकडे ओघळू नये म्हणून. गजानन बाबुराव म्हात्रे यांच्यासारख्या आर्किटेक्टने या साध्या गोष्टींना रूप दिलं. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महल त्यांचाच, 1937 चा. सजावटीला पैसा कमी होता, म्हणून रेषा, वळण आणि रंग यांवर भागवलं. काटकसर चांगल्या हातात पडली. 2018 मध्ये युनेस्कोने गॉथिक आणि आर्ट डेको दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं.

मात्र याच छज्ज्यांची आजची दुखणीही दुसऱ्या एका आर्थिक निर्णयातून आली आहेत. युद्धकाळात महागाई भडकली, भाडी गोठवली गेली आणि 1947 च्या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं हेच प्रमाण धरलं. भाडेकरू वाचला, ते गरजेचंच होतं. पण पन्नास वर्षं भाडं जवळपास तिथेच राहिलं आणि दुरुस्तीला पैसा उरला नाही. समुद्राची खारी हवा काँक्रीटमध्ये मुरत राहिली. पातळ छज्ज्यात सळईवर जेमतेम अर्धा-पाऊण इंच काँक्रीट असतं. क्षार सळईपर्यंत पोचले की गंज धरतो, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो आणि छज्ज्याचा खालचा पापुद्रा सुटून फुटपाथवर पडतो. शहरात अशा जुन्या भाड्याच्या इमारती इतक्या झाल्या की 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर लावावा लागला. तेव्हा उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या. गोठलेल्या भाड्याच्या भीतीने भाड्याची घरं बांधणंच आटलं. मध्यमवर्ग मालकीच्या फ्लॅटकडे आणि सहकारी सोसायटीकडे वळला. मुंबईकराच्या आयुष्यात घर म्हणजे वीस वर्षांचं कर्ज, हे समीकरण तिथून सुरू होतं.

गिरण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या आजारी पडल्या ते कायमच्या. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, शेड पाडून मोकळी होणारी जागा त्यात धरायची नाही. गिरणीची जमीन बहुतेक शेडनेच व्यापलेली असते. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बदल मान्य केला आणि बागा व घरं यांचा वाटा आक्रसला. त्या जागी कचेऱ्या आल्या, पण रस्ते आणि रेल्वेचे पूल गिरणगावचेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळच्या पावसात एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पुलावर 23 माणसं चेंगरून गेली. काचेच्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना त्या इमारतीतली माणसं स्टेशनावरून कशी येतील, हा प्रश्न कुणी विचारला असता तर ही वेळ आली नसती. ही चीड विसरू नये असं वाटतं.

आता सध्याच्या काळाकडे. सप्टेंबर 2018 मध्ये पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसने कर्जफेड चुकवली आणि बिगरबँक वित्तसंस्थांचा पैसा एका रात्रीत आटला. बिल्डरला प्रकल्पासाठी पैसा देणाऱ्या मुख्यतः याच संस्था. पुढच्या वर्षी गृहकर्ज देणारी डीएचएफएल बुडाली. मुंबई आणि उपनगरांत सांगाडे थांबले. केंद्राने 2019 च्या नोव्हेंबरमध्ये अडलेल्या घरांसाठी 25,000 कोटींच्या निधीची घोषणा केली, त्यातून काही हलले. पण इतके सांगाडे नेमके सांगाड्याच्याच अवस्थेत का अडकतात, याचं उत्तर करारनाम्याच्या हप्त्यांत आहे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, नमुना करारात पैसे टप्प्याने घ्यायचे असतात: प्लिंथ (जोतं) होईपर्यंत 45 टक्के, सगळे स्लॅब होईपर्यंत 70 टक्के. भिंती, प्लास्टर, फरशा, दारं यांना त्यापुढचे जेमतेम 5 टक्के, लिफ्ट-पंप-अग्निशमन होईपर्यंत एकूण 95, आणि ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, मिळाल्यावर शेवटचे 5. म्हणजे स्लॅब ओतला की पैसा मोकळा होतो, प्लंबिंग झाल्याने फारसा होत नाही. बिल्डर साहजिकच स्लॅबवर स्लॅब चढवतो. पैसा आटला की उभा राहतो तो पस्तीस मजल्यांचा भिंती नसलेला सांगाडा, आणि सत्तर टक्के भरलेला ग्राहक खाली घरभाडं आणि वर कर्जाचा हप्ता दोन्ही भरत राहतो.

हाच व्याजाचा धाक घराच्या भिंतीतही शिरला आहे. बांधकामासाठीचं कर्ज वर्षाला 15 ते 18 टक्क्यांनी मिळत असेल तर प्रत्येक महिना महाग. म्हणून मिवान. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतायचे. लाकडी शटरिंगला पंधरा-वीस दिवस लागायचे तिथे सात ते दहा दिवसांत मजला. पण हे साचे महाग असतात. शे-दीडशे वेळा वापरले तरच परवडतात. त्यामुळे पाचवा मजला आणि पंचेचाळिसावा मजला तंतोतंत एकच, खिडकी त्याच जागी, मोरी त्याच जागी. आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि बऱ्याच ठिकाणी भार घेणाऱ्या. मुलीच्या लग्नानंतर दोन खोल्यांची एक करू म्हटलं तर परवानगी मिळणार नाही, मिळूही नये. ही भिंत विटेच्या भिंतीपेक्षा जास्त तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडते, त्यामुळे एसी आलाच. खाली पाच-सहा मजल्यांचा पार्किंगचा पोडियम, रस्त्याला त्याची आंधळी भिंत. चाळीच्या गॅलरीतून रस्त्यावर जी नजर असायची ती तिथे सातव्या मजल्यावर जाऊन बसते. टॉवर वाईट नाहीत. इतक्या दाट शहरात उंच बांधावंच लागेल. पण त्यांचं एकसारखेपण ही आर्किटेक्टची आवड नसून व्याजदराची मागणी आहे, हे घर बघायला जाताना माहीत असावं.

संकटात सवलत दिली जाते, तिचीही किंमत शहर मोजतं. कोविडच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क काही महिने 5 वरून 2 टक्क्यांवर आणलं आणि 2021 या वर्षभर बांधकामाच्या प्रीमियममध्ये, म्हणजे परवानग्यांसाठी बिल्डरने भरायच्या अधिमूल्यात, 50 टक्के सूट दिली. मागणी वाढली, मजूर कामावर आले, हे खरं. पण प्रीमियममध्ये एक असतो मोकळ्या जागेतल्या कमतरतेचा. दोन इमारतींमध्ये नियमाप्रमाणे सोडायचं अंतर सोडलं नाही तर पैसे भरून ते माफ करून घेता येतं. तेच अर्ध्या किमतीत मिळालं. वर्षाअखेर प्रस्तावांची झुंबड उडाली. त्या प्रस्तावांतून आज उठणाऱ्या पुनर्विकासाच्या इमारतींत समोरच्याच्या स्वयंपाकघरातली फोडणी ऐकू येईल इतकं अंतर आहे आणि ते पुढची साठ वर्षं तेवढंच राहील.

थांबलेल्या साइटचं नेमकं काय होतं, हे फार कमी लिहिलं जातं. बाहेरून ती नुसती निपचित पडलेली दिसते. आत रोज काही ना काही बिघडत असतं.

पहिला धोका खड्ड्याचा. तीन तळघरांसाठी दहा-अकरा मीटर खोदतात. आजूबाजूची माती धरून ठेवायला पाइल्सची (जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांची) भिंत आणि तिला मागे खडकात अडकवलेले अँकर, म्हणजे ताणलेल्या केबल, असतात. हे अँकर तात्पुरते, सहसा दोन वर्षांच्या हिशेबाने बसवलेले. काम पाच वर्षं थांबलं तर केबल गंजतात आणि एका जुलैत शेजारच्या सोसायटीची कंपाउंड वॉल पार्किंगसकट खड्ड्यात जाते.

राफ्ट, म्हणजे पायाचा सलग जाड स्लॅब, घातला असेल तर उलटा धोका. पावसाळ्यात मुंबईत भूजल जवळपास जमिनीपर्यंत येतं. दहा मीटर खोलीवर पाणी राफ्टला खालून चौरस मीटरमागे दहा टन जोराने वर ढकलतं. एक मीटर जाडीच्या राफ्टचं वजन अडीच टन. उरलेले साडेसात टन वरच्या मजल्यांनी दाबायचे. एक मजला साधारण एक टन धरा. म्हणजे किमान सात-आठ स्लॅब, आणि सुरक्षेसाठी त्याहून दोन-तीन जास्त, झाल्याशिवाय पाणी उपसणारे पंप बंद करता येत नाहीत. अँकरने राफ्ट खडकात बांधला असेल तर गोष्ट वेगळी. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर काम थांबलं, वीजबिल थकलं, पंप बंद झाले, तर राफ्ट उचलला जातो, तडकतो. तळघर मुद्दाम पाण्याने भरू दिलं तर दाब दोन्हीकडून सारखा होतो आणि राफ्ट वाचतो. पण मग तेच पाणी डासांचं माहेर होतं आणि समोरच्या वस्तीत डेंगी-मलेरिया वाढतो.

वर खांबांच्या सळया उघड्या. 25 मिलिमीटरच्या सळईला पुढची सळई जोडायची तर सव्वा मीटर टोक वर सोडावं लागतं. ती टोकं खाऱ्या हवेत तशीच राहिली की गंजून बारीक होतात. उपाय साधे आहेत: सिमेंटची स्लरी फासणं हा काही आठवड्यांचा उपाय, वर्षभर थांबायचं असेल तर झिंकचा प्राइमर किंवा सरळ कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये टोकं गाडून टाकणं, काम सुरू झालं की ते फोडून काढता येतं. क्रेन सोडून जायची वेळ आली तर तिचा फिरण्याचा ब्रेक मोकळा ठेवावा, म्हणजे हात वाऱ्याच्या दिशेने वळतो. ब्रेक जाम असेल तर वादळात अख्खी क्रेन आडवी होऊ शकते.

काम पुन्हा सुरू करायच्या आधी नुसता स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद पाहून भागत नाही. खांबांतून कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढून तपासून घ्यावेत. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के तरी यावी आणि एकही 75 च्या खाली नसावा. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन शिंपडलं की चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बनडाय ऑक्साइडने बिघडलेला थर राखाडीच राहतो. राखाडी पट्टा कडेपासून आत किती आला हे पट्टीने मोजायचं. किनाऱ्याजवळ सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीट अपेक्षित असतं. पट्टा 30 पर्यंत आला असेल तर वरचे दहा मजले चढवायच्या आधी खांबांवर उपचार हवा.

या सगळ्यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो पुनर्विकासातला रहिवासी, कारण त्याचं जुनं घर पाडून झालेलं असतं. गोरेगावच्या पत्रा चाळीतली 672 कुटुंबं 2008 च्या करारानंतर बाहेर पडली, भाडं मध्येच बंद झालं आणि शेवटी म्हाडाला काम हातात घ्यावं लागलं. तेव्हा सोसायट्यांनी हट्ट धरावा: सीसी (बांधकाम सुरू करायचा महापालिकेचा दाखला) हातात आल्याशिवाय खोली रिकामी करायची नाही, प्रत्येक सभासदाचा पर्यायी घराचा करार नोंदणीकृत हवा, प्रकल्पखर्चाच्या 20 टक्क्यांची बँक गॅरंटी हवी (सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे, बिल्डर टाळायला बघतात) आणि पुढच्या भाड्याचे चेक आधी.

पण सोसायटीच्या हट्टावर शहर चालत नाही. महापालिकेने सीसी देतानाच प्रत्येक प्रकल्पाकडून काम सुरक्षित थांबवण्यापुरती ठेव वेगळ्या खात्यात घ्यावी: वर्षभर पाणी उपसायचा खर्च, सळया झाकायचा खर्च, अँकरची तपासणी, क्रेन उतरवायचं भाडं आणि एक चौकीदार. प्रकल्पखर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. काम सलग तीन महिने थांबलं की वॉर्डच्या इंजिनिअरने ती वापरायला घ्यावी, दिवाळखोरीचा निकाल लागायची वाट न पाहता. आणि पंपाचं वीज मीटर बिल्डरच्या नावावर न ठेवता त्या खात्याला जोडावं, कारण थकबाकी झाली की साइटवर सगळ्यात आधी वीज तोडली जाते.